हात गप्प झाला तर पुढे काय?

रुग्ण आत आला की मी आधी त्याचा हात बघते, चेहरा नंतर. मिरजेतल्या एका रुग्णालयात मी डायलिसिस टेक्निशियन आहे. आमच्याकडे जत, तासगाव, कवठेमहांकाळ, शिरोळ या भागांतून माणसं येतात, काही अथणी-रायबागकडूनही येतात. पहाटेची एसटी नाहीतर वडाप पकडून आलेला माणूस वजनकाट्यावर चढायच्या आधीच बाही वर करून हात पुढे करतो, कारण मी तिथं बोटं ठेवणार हे त्याला ठाऊक असतं. कातड्याखाली बारीक थरथर लागली की आजचं काम निर्धास्त. ती लागली नाही तर दिवस वेगळ्याच वाटेनं जातो. कधी कधी रुग्णच दारातून सांगतो, "ताई, हात गप्प झालाय बघा. राती उशाखाली घेऊन झोपलो हुतो."

डायलिसिस म्हटलं की नातेवाईक मशीनचं विचारतात, खर्चाचं विचारतात, पथ्याचं विचारतात. रक्त बाहेर काढायचं कुठून आणि परत आत सोडायचं कुठून, हे सहसा कुणी विचारत नाही. पण पाच-दहा वर्षं डायलिसिसवर काढलेल्या माणसाला शेवटी अडवते ती बहुतेक वेळा हीच गोष्ट. मशीन बदलता येतं, गाळणी नवी लावता येते. अंगावरच्या जागा मात्र मोजक्या आहेत आणि त्यांचा एक क्रम आहे. तो क्रम पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवला तर एक जागा बंद पडल्यावर दुसरी हाताशी असते. तो चुकला तर दोन वर्षांत माणूस अशा टोकाला येतो, जिथे तो दहाव्या वर्षी यायला हवा होता.

साध्या शिरेवर का भागत नाही

मशीन मिनिटाला २५० ते ३०० मिलिलिटर रक्त ओढतं. चार तासांचा हिशोब ६० ते ७२ लिटरांवर जातो. अंगात रक्त असतं पाचेक लिटर, म्हणजे तेच रक्त बारा-चौदा वेळा गाळणीतून फिरून येतं. लॅबवाले कोपरातल्या ज्या शिरेतून रक्त घेतात, तिला हा पुरवठा झेपत नाही. पंपाची ओढ बसली की ती मिटते. धमनीत जोर भरपूर आहे, पण ती खोल असते आणि दर वेळी जाड सुई सोसणं तिचं काम नव्हे. आमची नेहमीची १६ नंबरची सुई दीड मिलिमीटरहून जाड असते. प्रत्येक डायलिसिसला अशा दोन लागतात. आठवड्यात तीन डायलिसिस धरले तर वर्षाला तीनशेच्या वर टोचण्या होतात.

यावरचा तोडगा म्हणजे फिस्टुला. मनगटापाशी किंवा कोपरापाशी धमनी आणि शेजारची शीर एकमेकींना जोडायची. धमनीचा दाब शिरेत उतरतो, काही आठवड्यांत शीर फुगते आणि तिची भिंत जाड होते. हे मला पुस्तकापेक्षा चांगलं समजावलं ते आमच्याकडच्या एका द्राक्षबागायतदार मामांनी. शेजारच्या खाटेवरच्या नव्या रुग्णाला ते सांगत होते, "पाटाचं पाणी सरीत सोडलं की सरी आपसूक रुंदावती, काठ घट्ट हुतात. तसंच हाय हे. फक्त दम धरावा लागतोय."

दम धरणं म्हणजे साधारण सहा ते आठ आठवडे, कधी त्याहून जास्त. डॉक्टरांकडे यासाठी सहाचा एक ठोकताळा आहे. सहा आठवड्यांनी तपासायचं. शीर ६ मिलिमीटर रुंद झालेली असावी, कातड्यापासून ६ मिलिमीटरपेक्षा खोल नसावी आणि तिच्यातून मिनिटाला ६०० मिलिलिटर रक्त वाहत असावं. प्रत्येक हात हे गणित जुळवत नाही. मधुमेहानं धमन्या कडक झालेल्या, शिरा मुळात बारीक, वय झालेलं, अशांचा फिस्टुला बऱ्याचदा तयारच होत नाही. अशा वेळी सर्जन आखडलेला भाग फुग्यानं रुंद करून बघतात किंवा रक्त पळवणाऱ्या बाजूच्या फाट्या बांधून टाकतात. दोन महिने झाले आणि हात तसाच आहे, तरी "होईल हळूहळू" म्हणत बसण्यात अर्थ नसतो.

ब्राँक्समधला रक्त काढणारा

१९४३ साली नेदरलँड्समधल्या कॅम्पेन गावात विलेम कोल्फ यांनी फिरत्या पिंपाचं डायलिसिस मशीन बनवलं. देश तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होता. मशीन चालायचं, पण प्रत्येक वेळी नवी धमनी आणि नवी शीर उघडावी लागे. थोड्याच दिवसांत जागा संपत. त्यामुळे पुढं बरीच वर्षं डायलिसिस हा तात्पुरत्या बंद पडलेल्या किडनीपुरताच उपाय राहिला. ज्याची किडनी कायमची गेली, त्याला मशीन असूनही उपयोग नव्हता.

१९६० च्या मार्चमध्ये सिएटलला बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी क्लाइड शील्ड्स या कामगाराच्या हातात टेफ्लॉनच्या दोन नळ्या बसवल्या. एक धमनीत, एक शिरेत. डायलिसिस नसताना त्यांची टोकं हाताबाहेरच एकमेकांना जोडून ठेवायची. शील्ड्स पुढं अकरा वर्षं जगले आणि दीर्घकाळ डायलिसिस शक्य आहे हे तिथून सिद्ध झालं. पण नळी बाहेर म्हणजे जंतुसंसर्ग आलाच, गुठळ्याही आल्याच.

मग १९६६ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयातून ब्रेशिया आणि सिमिनो यांचा निबंध आला. त्यांचे सर्जन सहकारी केनेथ ॲपल यांनी मनगटाजवळ धमनी आणि शीर कातड्याच्या आतच जोडून दिली होती. यातले जेम्स सिमिनो विद्यार्थी असताना बेलव्ह्यू रुग्णालयात रक्त काढायचं काम करत. शीर कशी फुगवायची, सुई कुठं घालायची, हे त्यांच्या हाताला माहीत होतं. आमच्या धंद्यातल्या माणसाला याचं थोडं कौतुक वाटणारच.

खालून वर

फिस्टुलाच्या जागा सर्वसाधारणपणे खालून वर वापरतात. आधी कमी वापराच्या हाताचं मनगट, मग कोपर. कारण सरळ आहे. मनगटाचा बंद पडला तर कोपर शिल्लक राहतो, आणि तोवर मनगटाच्या फिस्टुलानं वरची शीरही थोडी रुंदावून ठेवलेली असते. आधीच कोपर वापरला तर त्या हाताचं मनगट बहुधा हातचं गेलं. अर्थात मनगटाची धमनी डॉपलर सोनोग्राफीवरच बारीक दिसत असेल, तर निव्वळ क्रम पाळायचा म्हणून तिथं ऑपरेशन करण्यातही हशील नाही.

मनगटाच्या फिस्टुलाची आमच्याकडची पहिली लढाई बांगड्यांशी असते. घट्ट बांगडी, घड्याळ, मनगटावरचा गंडा, कोपरात अडकवलेली पिशवी, या सगळ्यांनी प्रवाह दबतो. तासगावकडच्या एका काकूंनी ऑपरेशनच्या सकाळी मला विचारलं, "डाव्या हातात एक तरी राहू दे की गं पोरी?" शेवटी डाव्या हातातल्या सगळ्या बांगड्या उजव्या हातात गेल्या. उजवा हात कोपरापर्यंत किणकिणायला लागला आणि डावा मोकळा राहिला. काकूंच्या सुनेनं हे गावात इतकं सांगितलं, की नंतर त्या वाडीतून आलेली दुसरी रुग्ण डाव्या हातातल्या बांगड्या उतरवूनच आली.

मनगट आणि कोपर दोन्ही संपल्यावर अनेक नातेवाईकांना वाटतं, हा हात गेला. तसं नसतं. दंडाच्या आतल्या बाजूला, काखेकडे जाणारी एक चांगली जाड शीर असते. वैद्यकीय भाषेत तिला बॅसिलिक म्हणतात. ती खोलात, धमनी आणि मज्जातंतूंच्या शेजारी असते, त्यामुळे सलाईन लावणाऱ्यांच्या सुया तिच्यापर्यंत सहसा पोचलेल्या नसतात. बाकीच्या शिरा टोचून टोचून दोरखंडागत कडक झाल्या तरी ही शाबूत सापडते. अडचण एवढीच की इतक्या खोल सुई घालणं धोक्याचं. म्हणून सर्जन ती सोडवून कातड्याखाली वर आणि पुढच्या बाजूला आणतात. काही जण हे एकाच ऑपरेशनमध्ये करतात, काही आधी जोड देऊन शीर फुगू देतात आणि मग दुसऱ्या वेळी वर आणतात. कोपरापासून जवळजवळ काखेपर्यंत टाके दिसतात, हात काही दिवस सुजतो. घरचे घाबरून विचारतात, "एवढं कशाला चिरलं?" त्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं असतं. कारण ही जागा बसली तर पुष्कळ दिवस साथ देते, आणि ती स्वतःच्या शिरेची असते.

कृत्रिम नळी

स्वतःची शीरच नसेल तर ग्राफ्ट. पीटीएफई नावाच्या पदार्थाची, बहुधा ६ मिलिमीटर व्यासाची मऊ नळी. गंमत अशी की हा पदार्थ टेफ्लॉनच्याच कुळातला, ताणून सच्छिद्र केलेला. स्क्रिब्नरनी हाताबाहेर ठेवलेलं टेफ्लॉन १९७० च्या दशकात या रूपानं कातड्याच्या आत गेलं. नळीचं एक टोक धमनीला, दुसरं शिरेला. पुढच्या हातात ती बहुधा फासासारखी वळवून बसवतात, दंडात सरळ किंवा किंचित कमानदार.

ग्राफ्ट फुगायची वाट बघावी लागत नाही. सूज उतरली की दोन-तीन आठवड्यांत सुई घालता येते. आता एक-दोन दिवसांत टोचता येणारे प्रकारही निघाले आहेत. त्याची किंमत नंतर मोजावी लागते. ग्राफ्टमध्ये गुठळी लवकर होते, शिरेला जोडलेलं टोक आखडत जातं आणि जंतू बसले तर नुसत्या औषधानं भागत नाही, बऱ्याचदा नळी काढावी लागते. सुईनं पडलेलं भोक शिरेत जसं भरतं तसं नळीत भरत नाही. म्हणून एकाच जागी टोचत राहिलं तर तिथं नळीची चाळण होते. रुग्ण म्हणतात, "ताई, कालच्याच जागेवर घाला, तिथं दुखत नाही." दुखत नाही, कारण तिथलं कातडं आणि भिंत झिजत चाललेली असते. मी बोटभर पुढं सरकते आणि बोलणी खाते.

वळवलेल्या ग्राफ्टमध्ये रक्त कुठून येतं आणि कुठं जातं, हे सुई घालणाऱ्याला कळलं पाहिजे. ऑपरेशनच्या कागदावर बाण काढलेला असला तर प्रश्न मिटला. नसला तर मी वळणाच्या मध्यावर बोटानं क्षणभर दाबते आणि दोन्ही बाजूंना हात लावून बघते. जी बाजू दाबल्यावरही जोरात उडत राहते ती धमनीकडची, जी गप्प होते ती शिरेकडची. हे उलटं झालं तर नुकतंच गाळून परत दिलेलं रक्त मशीन पुन्हा ओढून घेतं. चार तास मशीन चालतं आणि अंगातली घाण मात्र तशीच राहते. म्हणून रुग्णानं ऑपरेशननंतर एक कागद मागून घ्यावा. कुठली धमनी, कुठली शीर, नळी आहे की नाही, बाण कुठल्या दिशेला. तो कागद फायलीत लावावा आणि मोबाइलमध्ये त्याचा फोटो ठेवावा. लग्नाकार्याला दुसऱ्या गावी गेल्यावर तिथल्या टेक्निशियनला तो लाखमोलाचा असतो.

मानेतल्या नळीचा खरा खर्च

आपल्याकडे पुष्कळ माणसं उशिरा येतात. धाप लागलेली, अंग सुजलेलं, पोटॅशियम वाढलेलं. तेव्हा फिस्टुलाची वाट बघायला वेळ नसतो. मानेतल्या शिरेत तात्पुरती नळी घालून डायलिसिस सुरू करावं लागतं आणि जीव वाचतो. तिच्याशी माझं भांडण नाही. पण ही नळी दोन आठवड्यांच्या आतबाहेर काढायची असते. दोन सुया टोचाव्या लागत नाहीत, दुखत नाही, म्हणून घरच्यांना ती सोयीची वाटते आणि फिस्टुलाचं ऑपरेशन "दिवाळीनंतर", "ऊस गेल्यावर" असं ढकललं जातं. जास्त दिवस लागणार असतील तर कातड्याखालून बोगदा करून आणलेली कायमस्वरूपी नळी घालतात. आमच्याकडे तिला सगळे परमकॅथ म्हणतात. तिच्याभोवतीच्या कापडी पट्टीत मांस रुजतं आणि जंतूंची वाट जरा अडते. तरी मशीनवर घेतल्यावर थंडी वाजून ताप आला की आमचा पहिला संशय नळीवरच असतो.

याहून मोठा खर्च मागाहून कळतो. नळी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेला आतून घासत राहते आणि तो भाग आखडतो. गळ्याखालच्या आडव्या हाडामागच्या शिरेत घातलेल्या नळीनं हे फार होतं, म्हणून डायलिसिससाठी ती जागा टाळतात आणि मानेची उजवी बाजू आधी बघतात. आखडलेल्या बाजूच्या हातात पुढं फिस्टुला केला, की हातात रक्त जोरात येतं पण वर जायला वाट मिळत नाही. हात खांद्यापासून बोटांपर्यंत सुजतो, छातीवर निळ्या शिरांचं जाळं उठतं. अशा वेळी मोठ्या शिरेत फुगा घालून वाट रुंद करतात, गरज पडली तर स्टेंट बसवतात. पण ही वाट पुन्हा पुन्हा आखडायची खोड सोडत नाही.

हात संपल्यावर

दोन्ही हातांतल्या जागा गेल्या, तरी सर्जनच्या वहीत पानं उरलेली असतात. ती सगळीकडे उघडता येत नाहीत, त्यासाठी या कामात मुरलेला व्हॅस्क्युलर सर्जन लागतो.

एक जागा छातीची. एका काखेतल्या धमनीपासून दुसऱ्या काखेतल्या शिरेपर्यंत, गळ्याखालून आडवी नळी नेतात. तिला नेकलेस ग्राफ्ट म्हणतात. त्याच बाजूच्या शिरेला वळवून जोडलेला प्रकारही आहे. छातीवरची जागा स्वच्छ ठेवायला मांडीपेक्षा सोपी, मात्र छातीतल्या मोठ्या शिरा उघड्या असल्या तरच तिचा उपयोग.

त्या शिराच आखडल्या असतील तर हिरो नावाचं साधन आहे. अमेरिकेत त्याला २००८ साली परवानगी मिळाली. दंडातला ग्राफ्ट पुढं एका मजबूत नळीला जोडतात आणि ती नळी आखडलेल्या शिरेतून थेट हृदयाच्या उजव्या कप्प्यापर्यंत पोचवतात. सगळं कातड्याच्या आत, बाहेर काही लोंबत नाही. आमच्या भागात मला ते अजून बघायला मिळालेलं नाही.

शीर म्हणून काहीच उरलं नसेल तर धमनीतच वळण घालतात. काखेतली धमनी मध्ये तोडून दोन्ही टोकांच्या मध्ये ग्राफ्टचं वळण बसवायचं. रक्त धमनीतून घ्यायचं आणि धमनीतच परत द्यायचं. हे क्वचित करतात, आणि अशा रुग्णाला मशीनच्या परतीच्या नळीतून औषधं देताना फार जपावं लागतं, कारण ती थेट हाताच्या धमनीत जातात.

आणि मग मांडी. जांघेजवळच्या धमनीपासून शिरेपर्यंत मांडीच्या पुढच्या भागात ग्राफ्ट वळवतात, किंवा मांडीतली स्वतःचीच खोल शीर सोडवून वर आणतात. यात प्रवाह उत्तम मिळतो. पण पायाच्या धमन्या चांगल्या हव्यात, नाहीतर पावलाचं रक्त पळवलं जातं आणि बोटं काळी पडायची भीती असते. म्हणून आधी पावलांच्या नाड्या तपासतात, डॉपलर करतात. मधुमेह्यांच्या बाबतीत याच टप्प्यावर अनेकदा नकार येतो. पुढं किडनी बदलायचा विचार असेल तर तेही सर्जनना सांगावं लागतं, कारण नवी किडनी ओटीपोटात बसवतात आणि त्याच बाजूच्या मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडतात.

जतकडच्या आप्पांना अशी मांडीतली नळी आहे. डावं मनगट, डावा कोपर, उजवा कोपर, मानेच्या दोन्ही बाजू, असा त्यांचा प्रवास झालाय. सुरुवातीला मांडी उघडी टाकायची त्यांना इतकी लाज वाटायची, की ते तोंडावर टॉवेल घेऊन पडत. आता मी पडदा ओढायच्या आधीच लुंगी सावरून तयार असतात. घरून निघताना साबणानं मांडी आणि जांघ धुऊन, कोरडी करून येतात. जांघेत घाम, ओल आणि जंतू कायमचे, त्यामुळे मांडीच्या ग्राफ्टचा सगळ्यात मोठा शत्रू संसर्ग. सुया काढल्यावर दाबायचं काम आप्पा स्वतः करतात. त्यांना मी शिकवलंय, दाब एवढाच की रक्त थांबावं, पण वरच्या अंगाला बोट ठेवलं तर थरथर लागत राहावी. जीव खाऊन दाबलं तर रक्ताबरोबर ग्राफ्टही थांबतो.

सगळंच बंद झालं तर कमरेकडून पोटातल्या मोठ्या शिरेत किंवा यकृतातून नळी घालतात. ही रेडिऑलॉजीची कामं, मोठ्या केंद्रांत होणारी. त्या थराला जाण्याआधी पोटाच्या डायलिसिसचा विचार झालेला असावा असं मला मनापासून वाटतं. पोटात एक मऊ नळी, पिशवीतलं द्रावण दिवसातून बहुधा चार वेळा भरायचं आणि काढायचं. रक्तवाहिनीचा संबंधच नाही. स्वच्छता पाळणारं घर आणि खर्चाची तजवीज लागते. किडनी प्रत्यारोपणाच्या यादीत नाव असेल तर फिस्टुलाच्या जागा संपल्याची नोंद तिथं करून घ्यावी. आपल्या देशातल्या गुणांकनात अशा रुग्णाला वाढीव गुण आहेत.

आहे तो हात टिकवायचा

नव्या जागा शोधण्यापेक्षा आहे ती जास्त दिवस चालवणं केव्हाही स्वस्त. रोज सकाळी चहाआधी रुग्णानं स्वतः तीन गोष्टी कराव्यात. बघायचं, बोट लावायचं, कानाशी धरायचं. लाली, सूज, चकचकीत पातळ झालेलं कातडं किंवा न भरणारी खपली दिसते का? थरथर आहे का? घरघर सलग ऐकू येते का? सलग थरथरीऐवजी नुसते ठोके लागत असतील तर पुढं कुठंतरी वाट आखडली आहे. मग हात डोक्याच्या वर उचलून बघायचा. चांगला फिस्टुला हात वर केला की ओसरतो. वर करूनही तटतटलेलाच राहिला, किंवा सुया काढल्यावर रक्त वीस मिनिटांनंतरही थांबेना, तर डॉपलर करून घ्यायला सांगावं. या टप्प्यावर फुग्यानं काम भागतं.

हात गप्प झाला असेल तर पुढच्या पाळीची वाट बघायची नाही. तासांचा प्रश्न असतो. पहिल्या एक-दोन दिवसांत गुठळी काढून फिस्टुला वाचवता येण्याची शक्यता बरी असते, नंतर ती झपाट्यानं उतरते. बोटं गार पडून दुखायला लागली, तर फिस्टुला हाताचं रक्त जास्त ओढतोय आणि सर्जनना दाखवायला हवं. दम लागायला लागला तर हृदयावर ताण येतोय का तेही तपासून घ्यावं. आणि घरी कधी फिस्टुलातून रक्ताची चिळकांडी उडाली, तर त्यावर टॉवेल गुंडाळत बसू नये. टॉवेल रक्त पितो आणि आत काय चाललंय ते झाकतो. नेमक्या भोकावर बोट ठेवून दाबायचं, हात वर धरायचा आणि तसंच दवाखाना गाठायचा.

पहिल्या सुईच्या आधी

अमेरिकेत २००३ पासून "आधी फिस्टुला" अशी मोहीमच होती. तिथल्या नॅशनल किडनी फाउंडेशननं २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत सूर बदलला. आता त्या म्हणतात की प्रत्येक रुग्णाची आयुष्याची योजना करा. त्याचं वय, हृदय, प्रत्यारोपणाची शक्यता बघा, आणि ही जागा गेली तर पुढची कुठली हे आधीच ठरवा. ऐंशीच्या आजींना दोन ऑपरेशनं सोसवणार नसतील तर मानेतली कायमस्वरूपी नळीही योग्य निर्णय ठरू शकतो. तिशीतल्या पोराला मात्र अजून कित्येक वर्षं काढायची आहेत, त्याची एकही शीर उगाच खर्ची पडता कामा नये.

म्हणून ऑपरेशनच्या आधी सर्जनना चार प्रश्न विचारावेत. दोन्ही हातांच्या शिरांचं डॉपलर झालं का? हीच जागा का? हा चालला नाही तर पुढचा कुठं करणार? सहा आठवड्यांनी तपासणार कोण? महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस आहे. आपल्या ऑपरेशनचं काय, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून ठेवावं.

आणि ज्यांचं क्रिएटिनिन आत्ता कुठं वाढायला लागलंय, ज्यांना डायलिसिस अजून लांब आहे, त्यांना माझं एकच सांगणं. रक्त द्यायला बसलात की कोपर पुढं करू नका, तळहाताची मागची बाजू पुढं करा. सलाईन लावायचं असेल तरीही तेच. शक्य तोवर डाव्या हाताला, आणि डावरे असाल तर उजव्या हाताला, मनगटाच्या वर सुई लागू देऊ नका. लॅबमधला पोरगा कुरकुर करेल, मागची शीर बारीक असते, जरा जास्त दुखतं. करू दे कुरकुर. "माझी किडनी कमजोर आहे, ह्या हातात टोचायचं नाही," एवढं मोठ्यानं म्हणा. त्यानं ऐकलं तर पुढं मागं माझ्यासारख्या कुणाला तुमच्या हातात चांगली शीर सापडेल.